कविताच्या हातातलं पिस्तूल

धुळे, शनिवार, संध्याकाळ

आज सूनबाईची, कविताची, पोलिसातली गोळीबाराची परीक्षा होती. मागच्या वेळी नापास झाली, तेव्हापासून मलाच घोर. पिस्तुलाची मूर्ती लहान, धक्का महान. तो बसायच्या आधीच हिचं मनगट खाली जायचं, आणि गोळी मातीत. मी बँकेत बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस, पण माझ्या बंदुकीचा धक्का खांदा सोसायचा. पिस्तुलाला खांदा कुठला? मी काय सांगणार?

काल ती खापरावरचे मांडे करत होती. पोळी दोन्ही हातांवर झुलवताना कोपरं किंचित वाकलेली, अंग जरा पुढे, मनगट मात्र पक्कं. म्हटलं, "बेटा, पिस्तूल धरून अशीच उभी राहा. बठ्ठं अंग, पायापासून मानेपर्यंत, ताठ करू नको."

"आबा, साहेबांना पुरणही नेऊ का?" म्हणाली. पण नंतर रिकाम्या हातांनी तशीच उभी राहून बघत होती. मनगट पक्कं.

आत्ता तिचा फोन आला. पास झाली. "धक्का तेवढाच बसतो, आबा. मी फक्त त्याची वाट बघणं सोडलं."

मग जेवायला बसलो. सकाळचं ताट तसंच झाकलेलं होतं.