सरपंचांची दुसरी लस

वर्धा, २८ एप्रिल २०२१

ती. बाबांस,
जागृतीचा सप्रेम जयभीम. वि. वि., फोनवर तुम्ही विषय उन्हावर नेता, म्हणून हे पत्र.

धुरपताआत्या काल दवाखान्यात, माझी ड्युटी असते त्याच वॉर्डात आली. ऑक्सिजन लावला आहे. लस का घेतली नाही विचारलं, तर म्हणते, सरपंचानं, माह्या सख्ख्या भावानं घेतली नाई, त मी काऊन घेऊ? मार्चमध्ये तुम्ही वर्ध्याला येऊन माझ्या ओढणीत तोंड लपवून सुई टोचून घेतलीत, हे तिला कुठे ठाऊक! सरपंच सुईला भितो हे गावाला कळू नये, एवढ्यासाठी ही लपवाछपवी. मला तुमचा फार राग आला आहे, बाबा. गाव तुमचंच बघून वागतं; मास्क म्हणून बांधलेला तुमचा दुपट्टा उतरला की अख्ख्या गावाचा उतरतो.

७ मेला, शुक्रवारी, गावच्या शाळेत लसीकरण आहे. दुसरा डोस तिथेच, सगळ्यांदेखत घ्या.

रागावली तरी तुमचीच,
जागृती

८ मे

चि. जागृतीस,
जयभीम व आशीर्वाद. पत्र वाचल्यापासून एकच स्वप्न पडते. लहानपणची धुरपता धुळीत माझ्या पावलांच्या ठशांवर पाय ठेवत मागे येते आहे. मी वळून बघतो, तर ठसे आहेत, ती नाही.

काल शाळेत गेलो. सावरीचा कापूस उडत होता, सारे काही झोपेतच घडत असल्यासारखे वाटले. लोक भिंतीला टेकून नुसते बघत होते. आधी मार्चची गोष्ट सांगून टाकली. मग बाही वर केली, डोळे मिटले आणि सुई निघताच खुर्चीवरून घसरलो. तोंडावर पाणी मारताना शेजारचा तानबा म्हणाला म्हणे, सरपंच एवढा भेते तरी घेते, त आपलं काय? शुद्धीवर आलो तेव्हा रांग विहिरीपर्यंत गेली होती. सगळ्यांच्या डोक्यांवर कापूस. मला मात्र त्या रांगेत नसलेली धुरपताच दिसत राहिली.

माझी चूक तिला सांग. मला हिंमत नाही.

लोभाला लायक नसलो तरी तो ठेव,
प्रेमदास

वर्धा, १३ मे

ती. बाबांस,
जयभीम. आज आत्याचा ऑक्सिजन काढला. मग तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. तुम्ही घसरलात तिथे ती खुदकन हसली. नंतर पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. मला वाटलं, आता चिडणार. तिनं एवढंच विचारलं, दादाले लय दुखलं का?

याचं उत्तर मी देणार नाही. तिलाच लिहा, आणि खरं लिहा.

आता राग नसलेली,
जागृती