ताटावर आडवा हात

आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण आपलं भांडण काही मिटलेलं नाही, निदान माझ्या बाजूनं तरी. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. तुम्ही जिवंत होतात तेव्हा कुठं भांडू दिलंत? सासूसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, असा तुमचा कायदा. तेव्हा आज लिहिते. पडेगावच्या या घरात, तुमच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिते, आणि कुणाचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नाही.

तुमच्या लेकाच्या छातीत दोन जाळ्या बसवल्या. संक्रांतीनंतर एकाएकी घाम फुटला, डावा हात धरून खाली बसले, मी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला तुमच्यासारखा. फाईल बघितली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, काकू, घरात तेल किती घालता? रोग रेड्याला अन् औषध पखालीला, तशी मी बोलणी खात उभी राहिले. खाणारा पलंगावर पडलेला, आणि हिशोब माझ्याकडून मागतात. मला सांगावंसं वाटलं, डॉक्टर, हे तेल माझं नाही, माझ्या सासूचं आहे. पण असलं काही दवाखान्यात बोलता येतं का?

तुम्ही माझ्या हाताला तेल कसं शिकवलंत ते आठवतंय? लग्नाला महिनाही झाला नव्हता. दौलताबादचे तुमचे भाऊ जेवायला आले होते, पिठलं-भाकरी होती, आणि वरून कच्चं करडीचं तेल ओतायचं काम तुम्ही माझ्याकडं दिलं. पितळेची ती लांब नळीची किटली. मी ओतलं, पिठलं तेलात पोहायला लागलं, आणि मी आपल्या अकलेनं थांबले. तुम्ही उठलात, माझ्या हातातली किटली घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "तुझ्या माहेरी तेल दिव्यापुरतंच येत होतं का?" तुमचे भाऊ हसले. माझे यजमान मान खाली घालून भाकरी कुस्करत बसले. त्या दिवशी मला तुमच्या घरची रीत कळली. वाढणाऱ्या बाईनं आपण होऊन थांबायचं नाही. जेवणाऱ्यानं ताटावर हात आडवा धरला तरच थांबायचं. मी ती रीत शिकले, आणि इतकी चांगली शिकले की हात आपोआप चालायला लागला.

का, तर तुमची ती गोष्ट. ती मी इतक्या वेळा ऐकलीय की झोपेत सांगेन. रझाकारांच्या वेळी तुम्ही लहान होता, घर सोडून सगळे शिवारात लपलात, कोरडी भाकरी अन् मीठ, तेही कधी मिळे कधी नाही. पुढं पोलिस ॲक्शन झाली, परत आलात, तुमच्या वडलांनी तेलाचा डबा आणला आणि तुमच्या आईनं सगळ्यांच्या ताटात भाकरी बुडेपर्यंत ओतलं. तेव्हापासून तुमच्या डोक्यात पक्कं बसलं की ज्या घरात तेल वाढताना हात थांबतो ते घर दरिद्री. मला तुमच्या त्या दिवसांची कीव येते, खोटं कशाला बोलू? पण उपाशी तुम्ही राहिलात, आणि त्याची भरपाई आमच्या पोटातून कशाला?

आणि माझा कुकर. तो तर मी मेल्यावरही विसरणार नाही. माहेरच्यांनी हौसेनं दिलेला, नवाकोरा, आमच्या गल्लीतला पहिला. तुम्ही त्याच्याकडं बघून म्हणालात, शिट्ट्या मारून सैपाक करायला ही काय रेल्वे हाय? वर माळ्यावर टाकलात. पुढं वन्संच्या डोहाळजेवणात बघते तर माझा कुकर त्यांच्या घरी वरण शिजवतोय. तुमच्या लेकीच्या घरी रेल्वे चालत होती, फक्त माझ्या घरी चालत नव्हती. मी चुलीवर, पुढं स्टोव्हवर, डाळ घोटत बसले. डोळ्यांचं पाणी धुरानं आलं असं सगळ्यांना सांगत राहिले.

तर दवाखान्यातून आलो आणि मी खाण्यापिण्याचं सांगणाऱ्या एका पोरीकडं गेले. दवाखान्यातच बसते ती, खालच्या मजल्यावर. वयानं नातीएवढी, पण ऐकून घेते. मी पिशवीत घरातली भांडी घालूनच गेले होते, म्हटलं तोंडी सांगण्यापेक्षा दाखवावं. काळ्या थराचं पॅन निघालं, थर सोललेला, ती म्हणाली, काकू, हे आधी टाकून द्या. बिडाचा तवा बघून खूश झाली, म्हणे याच्यासारखं काही नाही. वांगी भाजून घ्या, मेथी वाफेवर शिजवा, मोदकपात्र आहे ना, तेच वापरा. बिनतेलाचं तळणारं ते गरम हवेचं नवं यंत्र घेऊ का विचारलं तर म्हणाली, नाही घेतलं तरी चालेल. तोवर मी गुलमंडीच्या बाजारातून घेऊनही बसले होते. आता त्यात पापड भाजते, आणि तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मनातल्या मनात ऐकते. मग तिनं मला एक छोटा चमचा दिला, पोह्याच्या चमच्याहून लहान, आणि म्हणाली, एका जेवणाला एका माणसाला एवढंच. मी किटलीबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, ओतता तुम्ही, तर थांबत का नाही? मी म्हटलं, ते हात आडवा करत नाहीत. ती म्हणाली, "ते का करत नाहीत?" आत्याबाई, इतकी वर्षं संसार केला, पण हे मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन पिठलं केलं. चमचाभर तेलात मोहरी, लसूण, बाकी सगळं पाण्यात. वास बरा येत होता. ताट वाढलं आणि किटली फळीवरच राहू दिली. ते ताटासमोर बसले, भाकरी मोडली नाही. गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिले. मी म्हटलं, घ्या. म्हणाले, तेल? मी म्हटलं, घातलंय आत. मग ते तुमचंच नाव घेऊन बोलले, की आईनं असं कोरडं ताट कधी पुढं केलं नसतं. लई राग आला मला. दवाखान्यात रात्रंदिवस बसायला मी, डॉक्टरचं ऐकायला मी, आणि कौतुक कुणाचं तर तुमचं. तोंडातून निघून गेलं, "म्हणूनच मामंजी पन्नाशी गाठू शकले नाहीत." तुम्ही मला मामंजींचं मरण कसं सांगायचात? जेवता जेवता गेले, भरल्या ताटावर, पुण्यवान माणूस. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला मी चाळीस वर्षं हार घालते, त्यांना कधी बघितलंही नाही. माझे यजमान उठले, ताट तसंच, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी भांडी आपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत होते, तर ते स्वयंपाकघरात आले. ते इथं कधी येत नाहीत, तुम्हीच तसं वाढवलंत, पुरुषानं चुलीपाशी यायचं नाही. पाटावर बसले, मेथीची एक काडी हातात घेतली आणि तिची पानं खुडत, माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "बाबा हात आडवा करायचे," म्हणाले. "छातीत जळजळ व्हायची त्यांच्या. आई तो हात बाजूला सारायची अन् म्हणायची, कमावता माणूस हाय, खा. शेवटी शेवटी ते दोन्ही हात धरायचे. गेले त्या दिवशी पण धरले होते. मी शेजारच्या ताटावर होतो." मी विचारलं, तुम्ही मग कधीच का नाही धरला? ते म्हणाले, "काय उपयोग व्हता?" आणि उठून गेले.

आत्याबाई, माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. तुमच्या घरात हात आडवा धरला की थांबायचं, ही रीत तुम्ही सगळ्यांना शिकवलीत आणि स्वतःच्या नवऱ्यासाठी तेवढी मोडलीत. तो हात तुम्ही प्रेमानंच सारला असेल, हे मला मान्य आहे, म्हणून तर जास्त राग येतो. वाईट बाईला निदान मनसोक्त शिव्या देता येतात. आणि आता मला तुमचं ते कोरडं खाणंही कळलं. मी या घरात आल्यापासून तुम्ही भाकरी अन् कांदा खायचात, भाजीवर तेलाचा थेंब नाही. मला वाटायचं, सगळं ढोंग, विधवेचा तोरा, चारचौघांनी वा वा म्हणावं म्हणून. ते ढोंग नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही स्वतःला शिक्षा करत होता.

पण मग ऐका. स्वतः कोरडं खायचं आणि त्याच हातानं पोराच्या ताटात ओतत राहायचं, हा कुठला न्याय? नवऱ्याच्या बाबतीत चूक झाली हे कळलं होतं, तर लेकाच्या ताटाशी का नाही थांबलात? आणि तुम्ही दुखण्यात पडल्यावर किटली कायमची माझ्या हातात दिलीत, मोठा मान दिल्यासारखी, तेव्हा एक शब्द बोलला असता तर? सूनबाई, एवढंच वाढ. बस. मला पोरीकडं चमचा मागायला जावं लागलं नसतं. घरात सल्ला देऊ शकेल अशी एकच बाई होती, आणि ती तोंड मिटून गेली. माझं वाकडं बोलणं तुम्हाला तिथं लागत असेल तर लागू द्या. मला इथं रोज लागतंय.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुमच्या फोटोपाशी ठेवायची माझी इच्छा नाही. लिहून झालं की फाडीन. फक्त आज दुपारचं सांगायचं राहिलंय. आज पुन्हा पिठलं होतं, मोजून चमचाभर तेलाचं. सवयीनं माझा हात फळीवर गेला, किटली उचलली, आणि मी त्यांच्या ताटावर वाकले सुद्धा. त्यांनी हात आडवा केला. उभ्या जन्मात पहिल्यांदा. सुई टोचून काळानिळा पडलेला तो हात त्यांनी ताटावर तसाच धरला होता, आणि ते वर बघत नव्हते, मी काय करते त्याची वाट बघत होते. याच्यासाठीच तर मी सगळ्यांशी भांडले होते, मला किती बरं वाटायला हवं होतं. आत्याबाई, मला बरं नाही वाटलं. मला वाटलं, हा माणूस माझ्या हातचं नको म्हणतोय. मला तो हात बाजूला सारावासा वाटला.

नाही सारला. पण वाटलं, आणि हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगू?