उदबत्ती पेटली नव्हती

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच उरत नाही, आणि म्हणूनच लिहायला बसले आहे. मी आता तुमचंच काम करते. हायस्कुलांत जाते, विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसते आणि शिकवणाऱ्याला मार्क देते. तुमच्याजवळ एक वही असायची, माझ्याजवळ कन्नडमधला चार पानी फॉर्म असतो. शिवाय प्रशिक्षणं असतात. शिक्षकांना तीन दिवस हॉलमध्ये बसवायचं, पडद्यावर प्रयोग दाखवायचे, शेवटी बॅनरपुढं उभं करून फोटो काढायचा. फोटो वर गेला की शिक्षक तयार झाले असं धरतात. खरं सांगू का, कंटाळले मी. गुडघेही कुरकुरायला लागलेत, आणि अजून बऱ्याच शाळा बाकी आहेत.

परवा हुलसूरच्या बाजूला एका शाळेत गेले होते. विज्ञानाला एक तरुण अतिथी शिक्षक आहे, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक, आणि ती यंदा माझ्या फॉर्मवर अवलंबून. त्यानं ऑक्सिजनचा प्रयोग लावला होता. नळीत वायू जमवायचा आणि नुसती धुमसणारी उदबत्ती आत धरायची. ऑक्सिजन असेल तर ती भक्कन पेटते. पेटली नाही. औषधाच्या दुकानातून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुतेक जुनं होतं. त्यानं दोनदा करून पाहिलं, घाम पुसला, एकवार माझ्याकडं पाहिलं आणि पोरांना म्हणाला, "पेटली न्हाई बघा. तसंच लिहा वहीत. कामून पेटली न्हाई ते उद्या हुडकू." मला त्याचा हेवा वाटला, सर.

फॉर्मवर एक प्रश्न आहे, प्रयोग यशस्वी झाला का. हो किंवा नाही, मधलं काही नाही. 'नाही'ला शून्य, आणि शून्य पडलं की नेमणूक लटकली. मी 'हो'वर खूण केली. असा शिक्षक हातचा जाऊ नये, एवढंच मनात होतं. सहीसाठी फॉर्म त्याच्यापुढं सरकवला. एरवी कोणी वाचत नाही, यानं वाचला.

"म्याडम, पेटली न्हाई की. पोरायनं तसं लिहिलंय, अन् तुम्ही व्हय लिहायलात."

"न्हाई लिहिलं तर तुमच्या नोकरीचं काय होईल, ठाऊक हाय का?"

"हाय म्याडम," तो म्हणाला, आणि पेन हातात धरून तसाच उभा राहिला. मी फॉर्म पिशवीत कोंबला, नंतर बघू म्हणाले आणि बस गाठली.

बसमध्ये तुम्ही आठवलात. बी.एड.चा माझा सरावपाठ, तोच प्रयोग. बूच सैल आहे, वायू निसटून गेलाय, उदबत्ती नुसती धुमसतेय. मी बेधडक विचारते, "पाहिलंत ना, कशी पेटली?" आणि चाळीस पोरं एका सुरात म्हणतात, "पेटली, बाई." तुम्ही मागच्या बाकावर. नंतर व्हरांड्यात तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. "बूच सैल ऱ्हातंय कधी कधी, त्याचं काही न्हाई. पण पोरी, डोळ्यानं बघितलेलं सोडून बाई म्हणंल ते म्हणायला शिकवलीस तू पोरायला. उद्या जा अन् पेटली नव्हती म्हणून सांग त्यायला." दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "सांगितलीस का?" मी म्हणाले, "सांगितलं, सर." तुमचा चेहरा केवढा खुलला. खिशातलं भिंग काढून माझ्या हातावर ठेवलंत आणि म्हणालात, "आता झालीस बघ मास्तरीण." त्या भिंगातून मी आता फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचते.

आज सकाळी फॉर्म काढला. 'हो' खोडून 'नाही' केलं. शेऱ्याला दोन ओळींची जागा असते; मावेल तसं घडलेलं सगळं लिहिलं, आणि हा शिक्षक ठेवावा असंही. शेरे कोणी वाचत नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. म्हणून उद्या आधी त्याची सही घेईन, या वेळी तो करील, आणि मग ऑफिसात जाऊन साहेबांपुढं स्वतः वाचून दाखवीन. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. शून्य ते शून्यच, असं म्हणाले तर त्याच्या पोटावर मी पाय दिला असं होईल. भीती वाटतेय मला, सर.

आणि एक राहिलं. सरावपाठाच्या दुसऱ्या दिवशी मी त्या वर्गाच्या दारापर्यंत गेले होते. आत हजेरी चालली होती, ती थोडी ऐकली आणि तशीच माघारी फिरले. त्या पोरांना अजून कोणी सांगितलेलं नाही.