मागल्या पडवीतली साक्ष

सासूबाई, परवा नातीने मला विचारलं, आजी, तुझ्या लग्नाचा दाखला कुठे आहे? तिचं नुकतंच लग्न झालं आहे, नवऱ्याकडे परदेशी जायचं आहे, आणि व्हिसासाठी वकिलातीतल्या लोकांनी तिच्याकडे लग्नाच्या नोंदणीचा कागद मागितला. तिने तो एका दुपारी काढून आणला. माझ्याकडे असला कागद कधीच नव्हता हे ऐकून तिला हसू आलं. मग तुला आफ्रिकेत जाऊ कसं दिलं, म्हणाली. मी सांगितलं, माझ्या सासूबाई कचेरीत गेल्या होत्या. तेवढं तिला पुरलं आणि ती आपल्या कामाला गेली. मला मात्र ते पुरलं नाही. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, म्हणून आज लिहायला बसले.

भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या पाखाडीवरचं आपलं घर मला अजून दिसतं. माझं लग्न त्याच घराच्या अंगणात झालं. माझे वडील लहानपणीच गेलेले, गुहागरकडून मामा मला घेऊन आला, लग्न लावून दुसऱ्या दिवशी परत गेला. वर्ष व्हायच्या आत तुमचा मुलगा एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहायला मोंबासाला गेला. मधे एकदा चार महिने आला, पुन्हा गेला. घरात आपण दोघीच. तुम्ही काजूच्या बिया भाजायच्या आणि मी फोडायची. भाजताना बियांतून ते काळं तेल उडायचं, हाताची कातडी सोलून निघायची, आणि तुम्ही राखेत हात घोळवून पुन्हा बसायचात. अख्खे काजू व्यापाऱ्याला जायचे, तुकडे आपल्या आमटीत. आपण दिवसभरात फार तर दहा वाक्यं बोलत असू. मला तुमची भीती वाटायची असं नाही, पण तुमच्या मनात काय चाललं आहे ते कधी कळायचं नाही.

मग यांचं पत्र आलं की दोन खोल्या घेतल्या आहेत, आता हिला पाठवा. शेजारच्या भाऊजींनी ते तुम्हाला पडवीत बसून वाचून दाखवलं. त्यांची बायको लगेच म्हणाली, "सून गेली की मुलगा कशाला परत येतोय?" तुम्ही सूप हातात घेतलंत आणि तांदूळ पाखडायला लागलात. मी आत दारामागे उभी होते. तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून वाट पाहत होते. तुम्ही म्हणालात ते एवढंच, "कागदपत्रं काय लागतात ती बघा. पावसाने आगबोटी बंद व्हायच्या आत जायला हवी."

पासपोर्टासाठी फोटो लागतो हे कळलं तेव्हा मी घाबरले होते. गावातला फोटोवाला काळ्या फडक्याआडून सांगत होता, पदर मागे घ्या, कान दिसले पाहिजेत. परक्या पुरुषासमोर मी पदर काय मागे घेणार? तुम्ही उठलात, माझ्यासमोर आलात आणि स्वतःच्या हाताने पदर कानामागे सारलात. "दिसू देत कान. कानाला काय झालंय तुझ्या?" म्हणालात. त्या फोटोत मी किंचित हसते आहे ते त्याच्यामुळे. पोलीस चौकशीला आला, त्याला तुम्ही कोकमाचं सरबत दिलंत, आणि काही आठवड्यांनी मुंबईहून पासपोर्ट आला. निळ्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक तुम्ही देवापुढे ठेवलंत.

पण तेवढ्यात पेढीने यांना मोंबासाहून बैराला पाठवलं. बैरा म्हणजे आफ्रिकेतलाच, पण पोर्तुगीजांचा मुलूख. माझ्या पासपोर्टावर इंग्रजांच्या राज्यात कुठेही जायची परवानगी होती, पण पोर्तुगीजांच्या बंदरात उतरायचं तर मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीचा व्हिसा हवा. भाऊजींनी मुंबईत चौकशी केली. उत्तर आलं की ही बाई त्या गृहस्थाची लग्नाची बायको आहे असं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून आणा, नाहीतर व्हिसा मिळणार नाही, आणि त्याशिवाय गेलात तर बंदरातूनच परत पाठवतील. साक्ष नवऱ्याच्या रक्ताच्या माणसाची हवी. आता रक्ताचं माणूस कोण उरलं होतं? ज्या चुलत्या-चुलतीने यांच्या आईवडलांच्या जागी लग्नाला पाटावर बसून सगळं केलं, ती दोघंही तापाच्या साथीत गेलेली. माझा मामाही तोवर वारला होता. भाऊजी लग्नाच्या वेळी मुंबईत गिरणीत होते. राहिलात तुम्ही.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी रडत होते. मला वाटलं होतं, तुम्ही कचेरीची पायरी चढणार नाही. सासऱ्यांच्या मागे जमिनीचा दावा हरलात तेव्हापासून तुम्ही त्या रस्त्यानेसुद्धा जात नव्हता. तुम्ही आत आलात, भाताचं मडकं उतरवलंत आणि म्हणालात, "भात करपतोय गो. रडायचं तर भात उतरवून रड." मग थोड्या वेळाने, पानं वाढल्यावर, "उद्या भाऊजींना विचार, कचेरी किती वाजता उघडते."

कचेरीच्या व्हरांड्यात आपण बाकावर बसलो आहोत. ऊन चढलं आहे. अर्ज लिहून देणाऱ्याने मजकूर आधीच तयार करून आणला आहे, तो आत शिरस्तेदाराच्या टेबलावर गेला आहे. आपल्याला बोलावलं. मॅजिस्ट्रेट साहेब तरुण होते, देशावरचे असावेत, बोलणं पुण्याकडचं. तुम्हाला शपथ दिली. शिरस्तेदाराने मजकूर वाचायला सुरुवात केली: अमुक गृहस्थ माझा मुलगा, अमुक बाई त्याची धर्मपत्नी, सदर विवाह मी समक्ष डोळ्यांनी पाहिला. तिथे तुम्ही हात वर केलात.

"ह्ये खरं नाय," तुम्ही म्हणालात.

साहेबांनी मान वर केली. "काय खरं नाही? लग्न झालं नाही?"

"लगीन झालं. मी पायलं नाय."

शिरस्तेदार खाली वाकून हळूच म्हणाला, "आजी, हो म्हणा. नुसती लिहायची पद्धत असते ती."

"आत्ताच शपथ घातलीत ना मला?" तुम्ही त्याला म्हणालात. रागाने नाही, खरोखर विचारल्यासारखं.

मी तुमच्याकडे पाहिलं. सासूबाई, त्या घटकेला माझ्या मनात आलं की तुम्ही हे मुद्दाम करता आहात. कागद फुकट जाईल, व्हिसा मिळणार नाही, मी इथेच राहीन आणि आज ना उद्या तुमचा मुलगाही परत येईल.

साहेब म्हणाले, "मुलाची आई तुम्ही, आणि लग्नाला नव्हतात?"

"होते तर. घरातच होते. मागल्या पडवीत, उखळापाशी. माझ्यासारखी बाई मांडवात येत नाय, साहेब."

त्यांनी टाक दौतीत ठेवला. मलाही तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं आपण एका चुलीवर रांधलं, आणि माझ्या लग्नात तुम्ही कुठे होतात हे मी कधी विचारलं नव्हतं. नवऱ्या मुलीला कोण कुठे आहे ते दिसतच नाही, खाली मान असते. पण नंतर विचारायला हरकत नव्हती.

"मग तिथे काय केलंत?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"मंगलाष्टकं आयकली. शेवटचं झालं, वाजंत्री वाजली, तेव्हा कळलं लागलं म्हणून. मग वरणाखालचा जाळ मागे ओढला. पंगती बसायच्या होत्या ना."

"आणि हिला केव्हा पाहिलंत?"

"पाया पडायला आत आली तवा. घामेजली होती. पाणी दिलं. तेव्हापासून माझ्याकडेच हाय. माझ्या झिलाची बायको आहे ही, गाव म्हणतो, मी म्हणते. पण डोळ्यांनी पायलं असं नका लिहू."

साहेबांनी शिरस्तेदाराकडून कागद मागून घेतला, ती ओळ खोडली आणि स्वतःच्या अक्षरात बाजूला बराच वेळ लिहिलं. मग आपल्याला ते मराठीत सांगितलं: विवाहसमयी ही बाई त्याच घरात हजर होती, वैधव्यामुळे रूढीप्रमाणे मंडपात नव्हती, विधी तिने कानांनी ऐकला, आणि वधूला त्या दिवसापासून सून म्हणून नांदवलं. "हे खरं?" "खरं," तुम्ही म्हणालात. अंगठा घ्यायच्या वेळी ठसा उमटेना. काजूच्या तेलाने तुमच्या अंगठ्यावरच्या रेघाच गेल्या होत्या. शिरस्तेदाराने पुन्हा पुन्हा शाई लावली, शेवटी नुसता काळा गोळा उमटला, आणि साहेब म्हणाले, चालेल.

निघताना त्यांनी विचारलं, "आजी, ही गेली की तुमच्याजवळ कोण?"

"कागदात लिहायचंय?"

"नाही."

"मग नका विचारू," तुम्ही म्हणालात, आणि नमस्कार करून बाहेर आलात.

बाहेर आल्यावर भाऊजी पुढे चालत होते, आपण मागे. तुम्ही म्हणालात, "मघा माझ्याकडे अशी काय बघत होतीस? मोडता घालतेय वाटलं तुला." तुम्ही चालत राहिलात. भर उन्हात पायाखालचा कातळ तापला होता, आणि तुमच्या पायात काही नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर तुम्हीच म्हणालात, "मनात आलं होतं. नाय असं नाय. सकाळी लुगडं नेसताना आलं होतं, म्हटलं पोट दुखतंय सांगू. पण तो तिकडे एकटा जेवतो. आणि तू इथे एकटी जेवतेस, मी समोर बसले तरी." मला तुमचा हात धरायचा होता. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

मुंबईत पोर्तुगीज वकिलातीत एक म्हातारा गोवेकर कारकून होता. त्याने तो कागद दोनदा वाचला. त्याची मराठी कोकणीत मिसळलेली. मला म्हणाला, इथे रोज लोक कागद आणतात, सगळ्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पाहिलं नाही असं लिहून आणणारी ही पहिलीच बाई. त्याने तो आत नेला आणि दुपारी माझ्या पासपोर्टावर व्हिसाचा शिक्का होता. मला तेव्हा तो तुम्हाला दाखवायचा होता, पण तुम्ही रत्नागिरीत होतात आणि माझी आगबोट दोन दिवसांनी होती.

मुंबईला निघाले त्या दिवशी तुम्ही बंदरावर आला होतात. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसायच्या आधी तुम्ही माझ्या हातात एक पत्र्याचा डबा दिलात. बोटीवर उघडला तर त्यात काजू होते, सगळे अख्खे. एकही तुकडा नव्हता. मी ते बैरापर्यंत नेले. यांनी एक उचलून तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावतच राहिले.

यांना रजा मिळत गेली नाही, मग मुलं झाली, मग पेढीच यांच्या अंगावर पडली. शेजारीण म्हणाली होती तसंच झालं. तुम्ही गेल्याचं पत्र पोचलं तेव्हा तुमचे दिवसही होऊन गेले होते. हे पेढीच्या मागच्या गोदामात जाऊन बसले, मी मुलांना घेऊन समुद्राकडे गेले. तिथला समुद्र मातकट असतो. भाऊजींनी लिहिलं होतं की शेवटपर्यंत तुम्ही कुणाच्या घरी जेवायला गेला नाहीत, पण रोज संध्याकाळी त्यांच्या पडवीत येऊन बसत होतात, बैराचं काही आलं का म्हणून.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी पाठवलेलं प्रत्येक पत्र भाऊजी मोठ्याने वाचणार आणि आणखी दोन घरं ऐकायला जमणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी हवापाणी लिहिलं, मुलांचे दात आले ते लिहिलं, आंबा इथेही होतो पण गोडी नाही असं लिहिलं. तुमची आठवण येते असं एकदाही लिहिलं नाही. सुनेने सासूला असं लिहिलेलं ऐकून लोक काय म्हणतील, असं वाटायचं. आज हे वाचून दाखवायला कुणी नाही, आणि हे कुठे पाठवायचं तेही नाही, म्हणून लिहिते. आठवण येते, सासूबाई. खरं सांगायचं तर माझ्या आईपेक्षा जास्त येते. आईही जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी ही ओळ लिहायच्या आधी मी उठून खोलीचं दार लोटून आले.