भाचीला घर, अट कसलीही नाही

मी, खाली सही करणारी, लग्नाचे झगे शिवणारी शिंपीण, वय शहात्तर, अविवाहित, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र करत आहे. माझे मेहुणे शेजारच्या खोलीत बसले आहेत, पण मधलं दार मी लावून घेतलं आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला. देताना ते हसत होते, याची नोंद असावी.

१. शिलाई मशीन, इस्त्री आणि मोठी कात्री माझ्या मदतनीस बाईंना द्यावी. त्या कात्रीने कोणी कागद कापला तर मी वरून खाली येऊन भांडेन.

२. आरामखुर्ची मेहुण्यांना. तिची एक स्प्रिंग वर आली आहे, ती दुरुस्त करू नये. हे गृहस्थ तरुणपणी मला पाहायला आले आणि माझ्या धाकट्या बहिणीला पसंत करून गेले. तेव्हा बायबलातल्या लेआ आणि राहेल या बहिणींची गोष्ट मला कोणी समजावून सांगू नये. लेआच्या बापाने निदान लबाडी करून का होईना, थोरलीला आधी उजवलं. आमच्या वडिलांना तेवढंही सुचलं नाही. मी मग दुसऱ्यांचे झगे शिवले. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या मुली माझ्या हातचा झगा घालून वेदीपुढे गेल्या, आणि मी तोंडात टाचण्या धरून मागे उभी. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

३. आमच्या पाळकांच्या बायकोला, पाळकीणबाईंना, माझ्याकडून वस्तू नाही, बोलणी आहेत. त्या दर रविवारी अविवाहित मुलींचा वर्ग घेतात. माझी भाची, या मेहुण्यांचीच मुलगी, तिथे जाते. भाची शाळेत विज्ञान शिकवते, चौतीस वर्षांची आहे, तिला लग्न करायचं आहे आणि ती ते लपवत नाही. या वर्गात तिला शिकवलं काय, तर एस्तेरने राणी होण्याआधी बारा महिने अंगाला सुगंधी तेलं लावली, तेव्हा तूही चेहऱ्याकडे लक्ष दे. रिबकेसारखी धीराने वाट पाहा. रूथसारखी खाली मान घालून काम कर.

अहो बाई, रिबका वाट कुठे पाहत होती? ती परक्याच्या दहा उंटांना पाणी पाजत होती! उंट किती पितो, कधी पाहिलंय? आणि घरच्यांनी विचारलं, या माणसाबरोबर जाशील का, तर ती "जाईन" म्हणून मोकळी झाली. रूथ तर स्वतः खळ्यावर गेली आणि शेताच्या मालकाला, बवाजाला, तोंडाने म्हणाली, मला पदरात घ्या. मान खाली घालून बसली असती तर बवाज अजून जवाचे ढीग मोजत बसला असता.

४. हे राहतं घर, अंगणासकट, भाचीला. मेहुण्यांचं म्हणणं, "लग्न केलं तरच घर, अशी अट घाला. म्हणजे पोरगी मार्गाला लागेल." पोरगी मार्गालाच आहे. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेसमोर उभं राहून बापाच्या वतनात हिस्सा मागितला, तेव्हा एकीचंही लग्न झालेलं नव्हतं, आणि देव म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. पुढे नातेवाईक, लग्न कुळातच करा अशी अट घालायला आलेच. मेहुणे सगळ्या काळात असतात. माझ्या घराला अट नाही. भाचीने लग्न करावं, न करावं, केलेलं मोडावं, घर तिचंच.

५. साक्षीदारांबाबत घडलं ते असं. मी सुताराला साक्षीला बोलावलं होतं. एकटा, सरळ, कमी बोलणारा माणूस. माझ्या कापायच्या टेबलाचा पाय दुरुस्त करायला येतो. टेबलाला काहीही झालेलं नाही. भाची घरी असते त्याच दिवशी तो पाय डुगडुगतो.

वकिलांनी नियम वाचून दाखवला की साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सुताराने पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं.

"मला सही करता येणार नाही," तो म्हणाला.

"का? लग्न झालंय तुमचं?" वकील.

"नाही. पण... यांचं घर जायला नको." नजर दाराकडे, कान लालबुंद.

भाची चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. अशा वेळी खाली पाहावं, असं तिला वर्गात शिकवलं होतं. तिने ट्रे सरळ माझ्या कागदांवर ठेवला.

"म्हणजे तुम्ही मला विचारताय का?"

"हो. चालेल का?"

"मग पेन खाली ठेवा."

वकील म्हणायला लागले की नियम फक्त लग्न झालेल्यांना लागू होतो, यांनी आज सही केली तरी चालेल. मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. रूथला खळ्यावर पाठवलं तिच्या सासूने, नामीने. माझ्याकडे खळं नाही, वकील आहेत. हा नियम मला आधीपासून माहीत होता का, हे कोणी विचारू नये.

मी सुताराला बजावलं, "घर तिच्या एकटीच्या नावावर राहील."

"बरोबरच आहे, मावशी," तो म्हणाला.

आजवर मला बाई म्हणायचा. मला रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही. चहा गार झाला.

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. पाळकीणबाई (सही, कलम तीन वाचून, जरा रागाने)

स्थळ: राहतं घर, शिवणाची खोली
दिनांक: ऑगस्टचा तिसरा रविवार, उपासनेनंतर

सही: वर लिहिलेली शिंपीण, आता दोघांची मावशी