आईच्या खात्यातले हात

प्रिय धाकट्या,

फोनवर तू माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी मधेच कुणी “ताई, तू आधी शांत हो” म्हणणार नाही. मी शांत नाही. ‘प्रिय’ लिहून थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत बसले, खोडावा का म्हणून. तो खोटा नाही, म्हणून राहू दिला. पण पुढचं सगळं त्या शब्दासारखं असेल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

तुझी भिंगरी यापुढे माझ्याकडे इतिहासाला येणार नाही, हा निरोप तू बायकोकरवी पाठवलास. स्वतः सांगायला जीभ रेटली नाही वाटतं. कारण काय, तर मी पोरीचे कान भरले. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी आधी मी स्वतःचीच झडती घेतली. कधी बोलता बोलता तोंडून निसटलं होतं का? आपल्या आईचा विषय निघाल्यावर माझा चेहरा बदलला, आणि तो तिने वाचला, असं तर झालं नाही? खूप आठवून पाहिलं. नाही. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मी तिला फक्त बघायला शिकवलं होतं, आणि तेच तुला नको होतं.

शाळेत सनावळ्या घोकून लेकीचा पोपट होईल, म्हणून तिला घरी शिकवायचं ठरवणारा तू. “इतिहास तू घे ताई, तुझ्याकडे चित्रांची पुस्तकं आहेत” म्हणत तो विषय माझ्या गळ्यात मारलास, तोही तूच. भिंगरी आणि आळीतली दोन-चार पोरं, असा आमचा वर्ग कसा चालतो, ते तू दारात उभा राहून कितीदा पाहिलं आहेस. जेवणाच्या टेबलावर एक चित्र ठेवायचं, नाव झाकायचं आणि गप्प बसून बघायचं. मग प्रत्येकाने आधी काय दिसतं ते सांगायचं. काय वाटतं ते नंतर. औषधवाल्यांची जुळी एकमेकांचं वाक्य चोरतात म्हणून भांडतात. तो चष्मेवाला पोरगा कुठल्याही थोर माणसाचं चरित्र सुरू झालं की, “पण याला पगार मिळायचा का?” असं विचारतो. आणि सगळ्यात शेवटी माझा नेहमीचा प्रश्न: हा माणूस हे काम करत होता, तेव्हा घरात आणखी कोण होतं आणि ते काय करत होतं? कुणी रंग घोटत होतं, कुणी पोरं सांभाळत होतं, कुणी नक्कल उतरवून देत होतं. या प्रश्नाचं तू कौतुक करायचास. “हा खरा इतिहास,” म्हणायचास. दुसऱ्यांच्या घरचा होता तोवर खरा होता.

आपल्या बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडून झालं, तेव्हा मुलांना उद्घाटनाआधी दाखवायला घेऊन ये, असं तूच म्हणालास. सभागृहात प्रदर्शन समितीचे अध्यक्ष होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते, आणि भिंतीवर तू लावलेली ती मोठी पाटी, ‘एका कुंचल्याची साधना’. वखारवाल्या शेठजींच्या चित्रासमोर भिंगरी थांबली आणि म्हणाली, “हा अंगठा माझ्या बाबांचा आहे.” सगळे हसले. तिने स्वतःचा अंगठा वर करून दाखवला, तुझ्यासारखाच टोकाला मागे वळलेला. शेठजींचे अंगठे तसे नव्हते, हे तुला माहीत आहे. शेठजी चेहऱ्यापुरते बसायचे आणि वखारीत पळायचे. मग आई तुला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायची, हातात लाटणं द्यायची, तीच शेठजींची काठी. तू चुळबूळ करायचास आणि ती म्हणायची, “हलू नकोस रे, शेठजींना मुंग्या आल्यासारखं दिसेल.” बाबा चेहरे रंगवायचे, हात आई. बाबा स्वतः हसत सांगायचे, “चेहरा माझ्या खात्यात, हात हिच्या.” फक्त घरात सांगायचे. बाहेर कधीच नाही.

मग पोरगी भिंतीच्या कडेने पुढे गेली आणि तिने तिथूनच ओरडून विचारलं, “आजी गेल्यानंतरच्या चित्रांत सगळ्यांचे हात खिशात का?” तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? अभिमान. इतकी वर्षं त्याच चित्रांखाली आपण जेवलो, मोठे झालो, आणि मला ते खिसे कधी दिसले नव्हते. आणि तू? तू तिचा दंड धरून तिला अध्यक्षांपुढे उभं केलंस. “आत्याने पढवलंय, सॉरी म्हण, खोटं बोलले म्हण,” म्हणालास. तिने म्हटलं. तुझ्याकडे बघत, हळू आवाजात म्हटलं. आपली आई स्टुलासमोर बसून जे करत होती, ते तू तिच्या नातीच्या तोंडून खोटं ठरवलंस.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. बाबांचं नाव खाली येईल. आई स्वतः कधी बोलली का? नाही बोलली. तिला कुणी विचारलं होतं का? आणि बाबांचे डोळे, बाबांचे चेहरे, ते कुणी हिरावून घेत नाही. त्यांच्यासमोर मीही पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहते. मी त्यांच्यावर अन्याय करते आहे का, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं. पण त्यांचं थोरपण जर आईचं नाव घेतल्याने कोसळत असेल, तर त्याला टेकू देत बसायचं काम माझ्या भाचीला लावू नकोस.

काल ती आली होती, सायकलवरून, वर्गाला नाही, नुसतीच. खुर्चीवर पाय हलवत बसली आणि म्हणाली, “आत्या, मी खरंच खोटं बोलले होते का?” उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं, कारण मी दिलं असतं तर तुझ्यासाठी काही उरलंच नसतं. म्हटलं, तुझ्या बाबांनाच विचार. तर ती काय म्हणाली ऐक. “हो, रविवारी विचारते. बाबा मला कधी खोटं सांगत नाहीत. लहान होते ना तेव्हा, विसरले असतील.” धाकट्या, पोरीने तुझ्यासाठी पळवाट स्वतःच्या हाताने काढून ठेवली आहे, आणि तिला वाटतं, ते प्रेम आहे. रविवारी ती तुझ्यासमोर बसून विचारेल. तू “हो गं, विसरलो होतो” म्हणालास, तर ती विश्वास ठेवेल, आणि मीही तो मोडणार नाही. माझ्याच्याने ते होणार नाही. म्हणून तिच्या प्रश्नाआधी हे पत्र तुझ्याकडे धाडते आहे. तू विसरलेला नाहीस, हे जगात आता फक्त मला माहीत आहे.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
ताई