सांडियाकडे तोंड असलेलं घर

प्रिय रमोनाताई,

तुझ्याकडे समुद्राकाठी राहायला यायचं मी कबूल केलं, म्हणून विकायला काढलेलं अल्बुकर्कीचं हे घर बघायला काल एक तरुण जोडपं आलं. बायको पोटुशी होती. तिने विचारलं, "मावशी, या रखरखाटात लोकांना आवडतं तरी काय?"

"काहीच नाही, ओठ फुटतात नुसते," असं म्हणणार होते. तेवढ्यात कोपऱ्यावर भाजणाऱ्या हिरव्या मिरच्यांचा वास आत आला आणि मी बोलतच सुटले. संध्याकाळी सांडियाचा डोंगर कलिंगडासारखा लाल होतो, भर उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागतं. आमचे हे, बेनितो, तर शेवटच्या आजारपणातही आभाळ बघायला खाट अंगणात काढायला लावायचे.

"मग तुम्ही का जाताय?"

तिचा नवरा म्हणाला, "आम्हाला घर पसंत आहे."

"मलाही," मी म्हणाले.

निघताना ती म्हणाली, "मावशी, सामान बांधू नका. आम्ही दुसरं बघतो."

मी दारातच रडले. सुटले म्हणून की अडकले म्हणून, कळेना. ताई, तू माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहेस. आता इथून पाय निघत नाही, हे तुला कोणत्या तोंडाने कळवू?

तुझी गोंधळलेली,
एलोइसा